निग्रह, पथ्य आणि सुई : वजन घटविणाऱ्या इंजेक्शनांच्या दीर्घकालीन वापराच्या संदर्भात जिचकार-दीक्षित आहारविचाराची चिकित्सा

प्रस्तावना

गेल्या पंचवीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाने वजनाविषयी जे ऐकले, वाचले आणि आचरणात आणण्याचा प्रयत्न केला, त्यातील सर्वांत प्रभावी प्रवाहाचा उगम नागपूरचा आहे. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) हे नाव वैदर्भीय वाचकाला पदव्यांच्या संख्येमुळे, तरुण वयात मिळालेल्या आमदारकीमुळे आणि रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरुपदामुळे परिचित आहे. जून २००४ मध्ये कोंढाळीजवळ झालेल्या रस्ते-अपघातात त्यांचा अंत झाला. तथापि त्यांच्या कर्तृत्वाचा जो भाग आज घराघरांत जिवंत आहे, तो त्यांच्या पदव्यांचा वा राजकारणाचा नाही. स्थूलता आणि मधुमेह यांवरील त्यांच्या व्याख्यानाचा तो भाग आहे. वैद्यकातील एम.डी. पदवी घेतलेल्या या वक्त्याने श्रोत्यांपुढे मांडलेले सूत्र अत्यंत साधे होते : माणूस वारंवार खातो म्हणून इन्सुलिन वारंवार स्रवते, इन्सुलिनची पातळी चढी राहिली की चरबी साठते, साठलेली चरबी वापरली जात नाही, म्हणून दिवसातून दोनदाच जेवावे.

या सूत्राला पद्धतीचे रूप दिले ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून जनवैद्यकशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. जिचकारांचे ऋण त्यांनी कधी लपविले नाही, ही गोष्ट मराठी ज्ञानव्यवहारात विरळ असल्यामुळे मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखाव्या, त्या दोनच वेळी जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे, रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, प्रारंभी व तीन महिन्यांनी उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि एचबीए१सी तपासावे, एवढाच या पद्धतीचा ऐवज. ‘विनासायास वेटलॉस’ या शब्दांनी सुरू होणारे त्यांच्या पुस्तकाचे शीर्षक घरोघरी पोहोचले, आणि पुढे राज्य शासनाच्या स्थूलताविरोधी मोहिमेतही त्यांना स्थान मिळाले. ऋजुता दिवेकर यांच्या थोडेथोडे व अनेकदा खाण्याच्या सल्ल्याशी या पद्धतीची जी तुलना २०१८-१९ च्या सुमारास वृत्तपत्रांतून आणि लग्नाच्या पंगतींतूनही रंगली, ती आहारशास्त्रापेक्षा संप्रदायांच्या वादाला अधिक जवळची होती.

मार्च २०२५ मध्ये तिर्झेपटाइड (माउंजारो) आणि जून २०२५ मध्ये सेमाग्लूटाइड (वेगोव्ही) ही आठवड्यातून एकदा टोचावयाची औषधे भारतीय बाजारात आली, आणि हा वाद एकाएकी जुना वाटू लागला. दोनदा खावे की सहादा, हा प्रश्न ज्याला भूकच लागत नाही त्याच्यापुढे कसा उभा राहणार? मात्र या औषधांनी एक दुसरा, अधिक अवघड प्रश्न पुढे आणला. वजन उतरल्यानंतर सुई चालू ठेवावयाची काय, आणि किती वर्षे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या उजेडात जिचकार-दीक्षित विचाराचे पुनर्वाचन केले आहे. औषधाची शिफारस किंवा निषेध हा लेखाचा हेतू नाही.

‘विनासायास’ या शब्दाविषयी

समीक्षेची सुरुवात शीर्षकापासून करणे योग्य ठरेल, कारण या शीर्षकातील पहिला शब्दच साऱ्या विचाराचे सामर्थ्य आणि मर्यादा सांगतो. मराठी संस्कृतीत अन्नावरील ताबा हा निग्रहाचा विषय मानला गेला आहे. एकादशी, चातुर्मास, सोमवार, गुरुवार यांची सवय असलेल्या समाजाला उपवास नवा नाही; नवा होता तो ‘आयास नाही’ हा दिलासा. कॅलरी मोजू नका, काट्यावर रोज उभे राहू नका, आवडते पदार्थ जेवणाच्या वेळी खा, पैसे खर्च करू नका. या पद्धतीने कोणतेही चूर्ण, पेय वा यंत्र विकले नाही. लोकांच्या शरीरचिंतेवर चालणाऱ्या बाजारपेठेच्या काळात ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिचे श्रेय निःसंकोचपणे दिले पाहिजे.

परंतु ‘विनासायास’ या शब्दाची दुसरी बाजू अशी की, ज्याला ते जमले नाही त्याच्यासाठी त्यात शब्द उरत नाही. अवघड गोष्ट न जमणे क्षम्य असते. सोपी गोष्ट न जमणे हा दोष ठरतो. दोनदाच जेवण्याचा नियम सहा महिने पाळून दहा किलो उतरविलेल्या आणि पुढील दोन वर्षांत ते सर्व परत आलेल्या व्यक्तीविषयी या प्रकारच्या लेखनात जवळजवळ काहीच सापडत नाही. यशोगाथा भरपूर आहेत. वजन परत आलेल्यांची गाथा नाही. ही उणीव एकट्या दीक्षितांची नाही. वजनाविषयीचे बहुतेक सारे मराठी लेखन, मग ते योगाचे असो, निसर्गोपचाराचे असो वा आहारतज्ज्ञांच्या सदरांचे असो, ‘उतरणे’ या क्रियापदावर संपते. ‘टिकणे’ या क्रियापदापर्यंत ते क्वचितच जाते.

नव्या इंजेक्शनांची जाहिरातही वेगळे काय सांगते? तीही विनासायासच आहे. भुकेशी झुंज नाही, मोजमाप नाही, आठवड्यातून एक टोचणी. एका अर्थाने दीक्षितांच्या शीर्षकाने दिलेले वचन औषध-कंपन्यांनी अधिक अक्षरशः पाळून दाखविले. आणि त्याच क्षणी त्या वचनातील पोकळीही उघड केली.

इन्सुलिन-सिद्धांत आणि त्याला मिळालेले अनपेक्षित उत्तर

जिचकारांच्या मांडणीचा कणा म्हणजे इन्सुलिन. वरकरणी तर्क बिनतोड आहे. इन्सुलिन चरबी साठविणारे संप्रेरक आहे, हे खरे. ते चढे असताना चरबीचे विघटन मंदावते, हेही खरे. स्थूल व्यक्तींत उपाशीपोटीचे इन्सुलिन पुष्कळदा वाढलेले आढळते. यावरून कमी वेळा इन्सुलिन स्रवेल अशी व्यवस्था केली म्हणजे वजन घटेल, असा निष्कर्ष श्रोत्याला आपोआप सुचतो.

पण जीएलपी-१ या आतड्यातील संप्रेरकाची नक्कल करणारी ही औषधे मुळात कशासाठी शोधली गेली, हे पाहिले म्हणजे या तर्काला अडचण येते. अमेरिकेतील जॉन एंग यांनी १९९२ मध्ये हिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतून एक्सेंडिन-४ वेगळे केले. त्यावरून बनलेले एक्सेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहावरील औषध म्हणून मान्य झाले. त्याचे आकर्षण हेच की, रक्तातील साखर वाढलेली असताना ते स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन स्रवावयास लावते. म्हणजे हे औषध इन्सुलिन वाढविते आणि वजन मात्र घटविते. इन्सुलिन हेच स्थूलतेचे एकमेव मूळ असते तर असे घडावयास नको होते. उत्तर मेंदूत आहे. ही औषधे भूक व तृप्ती यांच्या मेंदूतील केंद्रांवर काम करतात, जठर रिकामे होण्याचा वेग काही काळ मंदावतात, आणि माणूस कमी खातो. वजन उतरल्यावर उपाशीपोटीचे इन्सुलिनही उतरते, हे येथे नमूद केले पाहिजे. पण तेथे ते कारण कमी आणि परिणाम अधिक आहे.

याचा अर्थ जिचकारांचा सल्ला चुकीचा ठरतो, असा नाही. दोनदाच जेवणारा माणूस बहुधा एकूणच कमी खातो, आणि रात्री उशिराचे चरणे, चहासोबतची बिस्किटे, कार्यालयातील वाढदिवसाचा केक हे सारे एका नियमाने बाद होते. सल्ला उपयोगी आणि त्यामागचे स्पष्टीकरण अपुरे, असे वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. ५५ मिनिटांच्या सीमेबाबत मात्र अधिक कठोर राहणे भाग आहे. जेवणानंतर इन्सुलिनचा स्राव खाल्लेल्या अन्नाच्या प्रमाणात आणि रक्तातील साखरेच्या चढउतारानुसार चालू राहतो. घड्याळातील एखाद्या मिनिटाला तो दार लावून घेत नाही. ५५ हा आकडा लक्षात राहण्यास सोपा आहे, शिस्तीला आकार देणारा आहे. त्याला शरीरशास्त्राचा नियम म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल.

येथे एक विषयांतर आवश्यक वाटते. स्थूल माणसाची भूक ही त्याच्या चारित्र्याची उणीव नसून शरीराची घटना आहे, ही दृष्टी पाश्चात्त्य औषधशाळेतूनच आली असे समजण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिंदितीय’ अध्यायात अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत अतिमात्र भूक आणि अतिमात्र तहान यांचा समावेश आहे, आणि त्या भुकेचे कारणही दिले आहे : मेदाने मार्ग रोधले गेल्यामुळे वायू कोष्ठातच फिरत राहतो आणि अग्नी प्रदीप्त करतो. स्थौल्याच्या कारणांत अतिभोजन व दिवानिद्रा यांबरोबर बीजस्वभावही, म्हणजे आनुवंशिकताही, मोजली आहे. उपाय म्हणून सुचविलेला आहारही लक्षणीय आहे. पचावयास जड पण पोषण करण्यात उणा, म्हणजे पोट भरल्याची जाणीव देणारा आणि तरीही शरीर न वाढविणारा. त्याच अध्यायाच्या नावातील ‘निंदित’ हा शब्द पुढील पिढ्यांनी उचलला आणि कारणमीमांसा विसरली, हे आपल्या समाजाचे दुर्दैव.

थांबविल्यावर काय होते

दीर्घकालीन वापराविषयीचा पुरावा आता बराच उपलब्ध आहे आणि तो एकाच दिशेकडे बोट दाखवितो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टेप-१ चाचणीत १९६१ प्रौढांचा समावेश होता. ६८ आठवड्यांत सेमाग्लूटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी, तर नकली औषध घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी घटले. त्यातील ३२७ जणांचा औषध थांबविल्यानंतर वर्षभर पाठपुरावा झाला, तेव्हा सेमाग्लूटाइड-गटाने घटविलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले होते. रक्तदाब व साखर यांतील सुधारणाही बऱ्याच अंशी ओसरली. तिर्झेपटाइडच्या सरमाउंट-४ चाचणीत आरंभीच्या ३६ आठवड्यांत सर्वांनाच औषध देण्यात आले आणि वजन सरासरी २०.९ टक्क्यांनी उतरले. नंतर ६७० जणांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. औषध चालू राहिलेल्या गटाचे वजन पुढील वर्षभरात आणखी ५.५ टक्क्यांनी घटले, नकली औषधावर गेलेल्यांचे १४ टक्क्यांनी वाढले. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच मिळत होता, हा तपशील नजरेआड होता कामा नये.

या आकड्यांवरून ‘इंजेक्शन फसवे आहे, सोडले की वजन परत येते’ असा निष्कर्ष काढण्याची घाई पुष्कळ ठिकाणी होते. हा निष्कर्ष तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. रक्तदाबाची गोळी थांबविल्यावर रक्तदाब चढतो, म्हणून ती गोळी फसवी ठरत नाही. शिवाय आहारनियमाने उतरविलेले वजन तरी कोठे स्थिर राहते? ऑस्ट्रेलियातील सुमित्रन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखविले की, दहा आठवड्यांच्या काटेकोर आहाराने वजन उतरविलेल्या व्यक्तींत भूक वाढविणाऱ्या संप्रेरकांतील बदल वर्षभरानंतरही पूर्ववत झालेले नव्हते. शरीर आपले जुने वजन विसरत नाही. अमेरिकेतील लुक अहेड या प्रयोगात ५१४५ मधुमेही व्यक्तींपैकी एका गटाला अनेक वर्षे उत्तम मार्गदर्शन मिळाले. पहिल्या वर्षी या गटाची ८.६ टक्के असलेली घट शेवटी ६ टक्क्यांवर आली, आणि हृदयविकाराच्या घटना तुलनेच्या गटापेक्षा कमी झाल्या नाहीत. उलट २०२३ च्या सिलेक्ट चाचणीत, हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ स्थूल व अधिक वजनाच्या व्यक्तींमध्ये सेमाग्लूटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयमृत्यू यांचा एकत्रित धोका २० टक्क्यांनी घटविला. हा लाभ औषध चालू असतानाचा आहे.

तेव्हा खरी तुलना ‘निग्रह टिकाऊ आणि सुई तात्पुरती’ अशी नाहीच. दोन्ही चालू असेपर्यंतच काम करतात. फरक इतकाच की, निग्रह सुटला तर दोष माणसाला लागतो आणि सुई सुटली तर औषधाला.

या अवस्थेसाठी मराठीला उसना शब्द घेण्याची गरज नाही. आयुर्वेदाने रोगांचे साध्य व असाध्य यांच्या मधोमध ‘याप्य’ असा वर्ग मानला आहे : जो मुळापासून जात नाही, पण उपचार व पथ्य चालू असेपर्यंत आवरलेला राहतो. सुश्रुतसंहितेने त्याला कोसळू पाहणाऱ्या घराला दिलेल्या नीट बसविलेल्या टेक्याची उपमा दिली आहे. टेका काढला तर घर पडते, यात टेक्याचा दोष नाही आणि घरात राहणाऱ्याचाही नाही. स्थूलता ही अनेकांच्या बाबतीत याप्य अवस्था आहे, हे जर पहिल्याच भेटीत सांगितले गेले असते, तर दीक्षित-पद्धतीचे कित्येक ‘अयशस्वी’ आणि इंजेक्शनचे कित्येक ‘फसलेले’ रुग्ण स्वतःला वेगळ्या नजरेने पाहू शकले असते. जिचकार संस्कृतचेही जाणकार होते. त्यांच्या व्याख्यानातून पुढे आलेल्या लोकप्रिय परंपरेला हा शब्द का सुचला नाही, याचे आश्चर्य वाटते. कदाचित ‘याप्य’ या शब्दाने सभागृह भरत नसावे.

सडपातळ दिसणारी चरबी

दीर्घकालीन वापराचा विचार परदेशी आकड्यांवर सोडून चालणार नाही, याचे कारण महाराष्ट्रातच सापडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे शेजारीशेजारी घेतलेले छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीरभार-निर्देशांक २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर हलका आणि आतून जाड असतो, त्याचे स्नायू कमी आणि पोटाची चरबी अधिक असते, हे पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बालकांच्या अभ्यासातूनही दिसून आले. म्हणूनच भारतात २३ च्या पुढे अधिक वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरण्याचा संकेत रूढ झाला. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एकूण स्थूलता २८.६ टक्के, तर पोटाची स्थूलता ३९.५ टक्के आढळली, ती याच कारणाने.

आता या शरीरावर वर्षानुवर्षे सुई चालविली तर काय होईल? स्टेप-१ मधील एका उपगटाच्या मोजणीत घटलेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के वाटा चरबीविरहित ऊतींचा होता. ज्याच्याकडे मुळातच स्नायूंची शिल्लक कमी, त्याला हा व्यवहार महाग पडू शकतो. त्यातही मधेच औषध सोडले तर परत येणारे वजन प्रामुख्याने चरबीचे असण्याची शक्यता अधिक. म्हणजे घेणे, सोडणे, पुन्हा घेणे या फेऱ्यांतून तोच काटा तेच वजन दाखवील आणि माणूस मात्र अधिक दुबळा झालेला असेल. दीर्घकालीन वापरापेक्षाही तुटक वापर हा भारतीय शरीराच्या दृष्टीने अधिक काळजीचा विषय ठरू शकतो.

या संदर्भात दीक्षित-पद्धतीतही एक गंभीर उणीव जाणवते. ४५ मिनिटांचे चालणे हृदयासाठी उत्तम. स्नायू राखण्यासाठी ते पुरेसे नाही. वैदर्भीय शाकाहारी ताटात पोळी, भात, पातळ वरण आणि भाजी यांचा पसारा मोठा, प्रथिनांचा भाग तुटपुंजा. दोनच जेवणांत पुरेशी प्रथिने बसविणे अवघड; भूक मेलेल्या माणसाला ते आणखी अवघड. दोन घास खाऊन उठणारी सून किंवा सासू पाहून घरातील मंडळी ‘आता तिचे वजन चांगले उतरते आहे’ म्हणून समाधान मानतात, तेव्हा तिच्या ताटात काय उरले आणि काय पोटात गेले, याकडे कोणाचे लक्ष नसते.

टेक्याची किंमत

याप्य हा शब्द मान्य केला की पुढचा प्रश्न पैशाचा येतो. टेका आयुष्यभराचा असेल तर त्याचे भाडेही आयुष्यभराचे. तिर्झेपटाइडच्या ५ मि.ग्रॅ.च्या एका कुपीची किंमत २०२५ मध्ये बाजारात येताना ४,३७५ रुपये होती. महिन्याला चार कुप्या म्हणजे १७,५०० रुपये, वर्षाला सव्वादोन लाखांहून अधिक. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये हे औषध विक्रीमूल्यात देशात अव्वल ठरले, यावरून गरजेची आणि आकांक्षेची तीव्रता कळते. सेमाग्लूटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपून देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली, आणि किंमत हा अडसर पूर्वीइतका उंच राहणार नाही. पण स्वस्त झालेले औषध अधिक लोक सुरू करतील, याचा अर्थ अधिक लोक सोडतीलही. अमेरिकेतील सव्वा लाख रुग्णांच्या नोंदींच्या २०२५ मधील अभ्यासात, मधुमेह नसलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के आणि मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के व्यक्तींनी वर्षभरातच औषध थांबविल्याचे आढळले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखी व्यवस्था रुग्णालयातील उपचारांभोवती रचलेली आहे. दर आठवड्याच्या सुईचा खर्च तिच्या कक्षेत बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १ डिसेंबर २०२५ रोजी दीर्घकालीन वापराची जी शिफारस केली ती सशर्तच ठेवली. दीर्घ मुदतीचा अपुरा पुरावा, किंमत, आरोग्यव्यवस्थेची तयारी आणि समन्याय ही तिची कारणे भारतीय वाचकाने बारकाईने वाचावी अशी आहेत.

खर्चाच्या या हिशेबात नागपूरचा उन्हाळा कोणी धरीत नाही. ही औषधे २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. शीतकपाटाबाहेर तिर्झेपटाइड ३० अंशांपर्यंतच्या तापमानात २१ दिवस टिकते. मे महिन्यात ४५ अंशांच्या शहरात, भारनियमन झालेल्या दुपारी, औषध-दुकानापासून घरापर्यंतच्या प्रवासात त्याचे काय होते, हा काटोल किंवा उमरेडच्या रुग्णासाठी पुस्तकी प्रश्न नाही. त्यात मळमळ व उलट्या हे या औषधांचे सर्वांत सामान्य दुष्परिणाम. उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाले तर मूत्रपिंडावर ताण पडतो. पित्ताशयातील खडे आणि क्वचित स्वादुपिंडाचा दाह यांची जोखीमही असते, आणि गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने सेमाग्लूटाइड निदान दोन महिने आधी थांबवावे लागते. विवाह ठरेपर्यंत वजन उतरवून देणारे औषध म्हणून मुलीला ते सुरू करून देणाऱ्या कुटुंबांना ही शेवटची अट बहुधा कोणी सांगत नाही.

याच ठिकाणी जिचकार-दीक्षित परंपरेकडून घेण्यासारखे काही उरते, आणि ते इन्सुलिनच्या सिद्धांतात नाही. ते पद्धतीच्या व्यवस्थेत आहे. आरंभी तपासणी, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, नोंद ठेवण्याची सवय, एकमेकांना विचारणारे स्वयंसेवकांचे गट, आणि यासाठी शून्य शुल्क : ही सामाजिक यंत्रणा महाराष्ट्रात आयती तयार आहे. इंजेक्शन देणाऱ्या दवाखान्यांकडे सहसा ती नसते. सुई सुरू करताना तेथे काटा असतो. सुई सोडल्यानंतरच्या बारा महिन्यांत, जेव्हा भूक दुप्पट जोराने परतते आणि माणूस संकोचाने दवाखान्याची पायरी टाळतो, तेव्हा तेथे कोणीच नसते. या बारा महिन्यांसाठी दर महिन्याला कंबरेचे माप, दर तीन महिन्यांनी एचबीए१सी व रक्तदाब, हाताच्या पकडीची ताकद, खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येते याची नोंद, रोजच्या प्रथिनांचा हिशेब आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम, एवढी यादी दीक्षित-गटांच्या आजच्या तक्त्यात सहज बसते. औषध पूर्ण बंद करावे, मात्रा कमी करून चालू ठेवावे, की दोन मात्रांतील अंतर वाढवावे, याचा निर्णय वैद्याचाच राहील. पण तो घेण्यासाठी त्याच्यापुढे हा तक्ता असला पाहिजे. त्यात आणखी एक रकाना लागेल, जो आजवरच्या कोणत्याही मराठी आहारपुस्तकात छापलेला दिसत नाही : वजन किती परत आले.